कूलरची टाकी, धुराची गाडी

पोळा झाला, रोगराई घालवायची म्हणून नागपुरात मिरवतात ती पुतळ्याची मारबत निघाली आणि नेमाप्रमाणे माझ्या टेबलावर डेंग्यूची पत्रं येऊन पडली. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जमणार नाही, म्हणून त्यातलं एक घेतलंय आणि इतर विषयांची सहा. नव्या वाचकांसाठी सांगते, मी एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली. आधी उमरेड-भिवापूरकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात, मग नागपुरात साथरोगाच्या कामात. या सदरात मी औषधं लिहून देत नाही. कुठे रुपया टाकला की किती माणसं आजारी पडायची वाचतात, हा माझा जुना छंद. तेवढं विचारा.

प्रश्न : आमच्या गल्लीत दोघांना डेंग्यू झाला. महिनाभरात धुराची गाडी एकदाच आली, तीही मेन रोडवरून निघून गेली. आता गल्लीतले लोक वर्गणी काढून खासगी फवारणी करायची म्हणतात. एका वेळचे साडेसहा हजार सांगितले आहेत. करावी का? (गृहिणी, मानेवाडा)

वर्गणी काढू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी थांबा.

त्या धुरात डिझेलबरोबर कीटकनाशक मिसळलेलं असतं. ते हवेत तरंगतं तोवर, म्हणजे काही मिनिटं, समोर आलेला उडता डास मरतो. पण डेंग्यूचा डास, एडिस, संध्याकाळी रस्त्यावर हवा खायला निघत नाही. तो दिवसा चावतो आणि उरलेला वेळ तुमच्या घरातच बसून असतो, पडद्यामागे, पलंगाखाली, खुंटीवरच्या शर्टांत. आणि गाडीची घरघर ऐकू आली की आपण काय करतो? पटापट खिडक्या लावून घेतो. धूर बाहेर राहतो, डास आत. त्यातूनही काही मेलेच, तरी टाकीतल्या अळ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

रुग्ण सापडल्यावर लगेच त्याच्या घरात आणि शेजारच्या घरांत आतून फवारणी करण्याला अर्थ आहे, कारण विषाणू घेऊन फिरणारे डास तेव्हा तिथेच असतात. रस्त्याने धूर सोडत जाणारी गाडी हे प्रकरण वेगळं. ती आमच्या खात्याची मारबत आहे, असं मी नोकरीत असतानाही म्हणायची. मोठा आवाज, मागे धावणारी पोरं, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत', आणि घरी परतताना सगळ्यांना हलकं वाटतं. पिवळ्या मारबतीबद्दल माझी काही तक्रार नाही, तिने डेंग्यू कमी केला असा अहवाल कोणी लिहीत नाही. 'मॅडम, काम नंतर करा, आधी धूर दिसला पाहिजे,' असं एका पुढाऱ्याने मला फोनवर सांगितलं होतं. मी गाडी पाठवली. सांगायला लाज वाटते, पण पाठवली.

आता तुमच्या गल्लीतला खरा कारखाना बघा. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसलेला कूलर. मार्च-एप्रिलमध्ये त्याला नव्या ताट्या लागतात, मे महिनाभर आपण त्याच्याच जिवावर जगतो. जूनमध्ये दोन पाऊस पडले की बटण बंद. टाकीतलं पाणी तसंच राहतं, वरून पावसाची भर पडत जाते, आणि पुढल्या होळीपर्यंत तिकडे कोणी बघत नाही. एडिसची मादी अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर टाकीच्या भिंतीला चिकटवते. ही अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून टाकी नुसती उपडी करून भागत नाही, घासावी लागते. अंड्याचा डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस लागतात. 'आठवड्यातून एक कोरडा दिवस' हा नियम तिथून आलाय. सात दिवसांची मुदत साहेबाने ठरवलेली नाही, डासाने ठरवलेली आहे.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे हा डास लांब उडत नाही. शे-दोनशे मीटर, बस. तुमच्या गल्लीत चावणारा डास बहुतेक तुमच्याच गल्लीत जन्मलेला असतो. त्यामुळे रविवारी सकाळी दोन पोरं, एक टॉर्च आणि तारेचे चार ब्रश एवढी फौज पुरते. कूलर बघा, मग फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, चिमण्यांसाठी ठेवलेलं पाणी, गच्चीवरचा टायर. बांधकामावरचं टाकं विसरू नका, ते सगळ्यांत मोठं असतं. जे टाकं रिकामं करता येत नाही त्यात गप्पी मासे सोडा, मलेरिया विभागाकडे मिळतात. आमच्या अपार्टमेंटमध्ये गेल्या ऑगस्टमध्ये नऊ कूलर तपासले, पाचांत अळ्या निघाल्या. त्यातला एक माझा होता.

प्रश्न : अल्कलाइन पाण्याचं मशीन सव्वा लाखाला मिळतंय. विक्रेता म्हणतो, रक्तातली आम्लता जाते आणि कॅन्सर होत नाही. घ्यावं का? (निवृत्त बँक कर्मचारी, त्रिमूर्तीनगर)

नको. ते पाणी पोटात उतरलं की तिथलं आम्ल त्याचं काम तमाम करतं. रक्ताचं संतुलन तुमची फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळताहेत, जन्मापासून, फुकट. पाण्याचीच काळजी असेल तर नळाच्या पाण्यात क्लोरिन शिल्लक आहे का ते बघा. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. ओटी टेस्टचे थेंब टाकले की पाणी पिवळसर होतं. तपासलेलं पाणी ओतून द्या, पिऊ नका. एकांनी प्यायलं होतं म्हणून सांगते.

प्रश्न : आमच्या गणेश मंडळाकडे मागल्या वर्षीचे ६० हजार शिल्लक आहेत. डीजेवर उडवण्यापेक्षा 'फुल बॉडी चेकअप' शिबिर घ्यावं असं ठरतंय. एक लॅब ३०० रुपयांत ६४ चाचण्या करून देते, म्हणजे २०० लोक होतील. उद्घाटनाला तुम्ही याल का? (मंडळाचा सचिव, नंदनवन)

येईन, पण आधी भांडेन.

तब्येतीची काही तक्रार नसलेल्या माणसाच्या ६४ चाचण्या केल्या की काय होतं? प्रयोगशाळेची 'नॉर्मल' मर्यादा मुळात अशी आखलेली असते की निरोगी शंभरांतले साधारण पाच तिच्या बाहेर पडतात. म्हणजे ६४ चाचण्यांत तीनेक आकडे कोणाचेही ठळक अक्षरांत छापून येणार. मग तो माणूस घाबरून सोनोग्राफी करतो, दुसऱ्या लॅबमध्ये तपासतो, आणि तुमचे ३०० रुपये त्याला तीन हजारांना पडतात. ज्याला खरंच काही निघालं, त्याचं पुढे काय, हे रिपोर्टात कुठेच नसतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. नव्वदच्या दशकात आमच्या केंद्रावर आम्ही मोठं शिबिर घेतलं. मांडव, सरपंच, हार, सगळं. ३७ जणांचं बीपी वाढलेलं निघालं. सात-सात दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि 'पुढल्या आठवड्यात या' सांगितलं. पेपरात फोटो आला, तो माझ्या सासूबाईंनी कापून ठेवला. दोन महिन्यांनी मी आणि आमच्या सिस्टर त्या ३७ घरी गेलो. गोळ्या चालू होत्या चौघांच्या. एका आजोबांनी सात गोळ्यांचं पान देवघरात ठेवलं होतं. 'दुखलं की घेईन म्हटलं,' ते म्हणाले. बीपी दुखत नाही, हीच तर पंचाईत आहे. दुखायला लागतं ते लकवा मारल्यावर.

आम्ही सार्वजनिक आरोग्यवाले 'एका निरोगी वर्षाला किती रुपये पडले' असा हिशेब मांडतो. १९९३ सालच्या जागतिक बँकेच्या अहवालाने हे माप जगभर पोचवलं. आजाराने आलेलं अधूपण आणि अकाली मरणाने गेलेली वर्षं, दोन्ही एकाच तराजूत. तेव्हाच्या मापात म्हातारपणाचं वर्ष तरुणपणाच्या वर्षापेक्षा कमी धरलं जाई. पुढे ते काढून टाकलं. माझं वय बघता बरंच झालं. या हिशेबात बीपीच्या गोळ्या कायम वरच्या रांगेत असतात. अ‍ॅम्लोडिपिनची गोळी जनऔषधीत रुपयाच्या आतबाहेर पडते, सरकारी दवाखान्यात फुकट. २०१७ मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, आणि पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. त्यात नवीन औषध एकही नाही. सगळीकडे त्याच मोजक्या गोळ्या, डोस कधी वाढवायचा त्याच्या ठरलेल्या पायऱ्या, एकदम महिनाभराचं औषध, आणि कोण आलं नाही त्याची यादी. मला विचाराल तर सगळी करामत त्या यादीत आहे.

म्हणून तुमचे ६० हजार असे वापरा. बीपीची दोन डिजिटल मशीन घ्या, दंडावर बांधायची, मनगटावरची नकोत. दोन्ही मिळून पाचेक हजार. मंडळाच्या खोलीत एक टेबल आणि दोनशे पानी रजिस्टर. दर रविवारी सकाळी दोन तास, वर्षभर. तिशीपुढचा प्रत्येक माणूस एकदा येऊन जाईल. पाच मिनिटं शांत बसवून मोजा. पाहुणचार म्हणून चहा पाजाल, तर मोजल्यानंतर पाजा. १४०/९० किंवा जास्त दोन वेगवेगळ्या दिवशी आलं, तर जवळच्या आरोग्यवर्धिनी केंद्रात किंवा आपला दवाखान्यात पाठवा. आणि महिन्याच्या शेवटी रजिस्टर उघडून, जे पुन्हा आले नाहीत त्यांच्या घरी मंडळाचा एक पोरगा जाऊ द्या. वर्गणी मागायला जातो तसाच, तेवढ्याच चिकाटीने.

जाता जाता मिठाचं सांगते. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, लोणचं-पापड-फरसाण धरून. चीनमध्ये ६०० गावांतल्या सुमारे २१ हजार माणसांवर अभ्यास झाला. निम्म्या गावांना दिलेल्या मिठात चौथा हिस्सा पोटॅशियमचं मीठ होतं. पाच वर्षांत त्या गावांत लकवा १४ टक्क्यांनी कमी झाला. २०२१ साली हे प्रसिद्ध झालं. असं मीठ आपल्याकडे दुकानात मिळतं, साध्यापेक्षा महाग आहे, आणि किडनीच्या रुग्णांनी किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. मंडळाने महाप्रसादाच्या भाजीतलं मीठ हळूच कमी करून बघायला हरकत नाही. पहिल्या वर्षी शिव्या खाव्या लागतील.

उरलेले पन्नासेक हजार बँकेत ठेवा, पुढली वर्षं निघतील. यात फोटो चांगला येत नाही, हे मान्य. मला उद्घाटनाला नको, सातव्या रविवारी बोलवा. टेबल तेव्हाही मांडलेलं असेल, तर येताना मी पुडाच्या वड्या आणीन.

प्रश्न : माझे मिस्टर ऑटो चालवतात. दिवसाला सुपारी-तंबाखूचे सहा-सात खर्रे होतात. तोंडात आता दोनच बोटं जातात, तिखट लागलं की आग होते. गुटख्यावर बंदी आहे ना? मग खर्रा कसा मिळतो? (पारडी)

ताई, आधी तोंडाचं. तीन बोटं उभी सरळ गेली पाहिजेत. दोनच जात असतील तर याच आठवड्यात त्यांना मेडिकल कॉलेजच्या शासकीय दंत महाविद्यालयात घेऊन जा. चट्टा असेल, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर उद्याच. तोंड आवळत जाण्याचं हे काम मुख्यतः सुपारीचं असतं. बिचाऱ्या तंबाखूवर सगळा आळ येतो आणि सुपारी सभ्य म्हणून सुटते. नुसती सुपारीही कॅन्सर करते, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच जाहीर केलंय. तेव्हा 'तंबाखू कमी टाकायला सांगतो' ही तडजोड मान्य करू नका.

बंदी आहे. जुलै २०१२ पासून महाराष्ट्रात गुटखा बंद आहे. पण ती बंदी पुडीतल्या मालाला नीट लागू होते. खर्रा पानठेल्यावर तुमच्यासमोर पन्नीत घोटला जातो. त्यावर ना पाकीट, ना कॅन्सरचं चित्र, ना कर. तंबाखू कमी करायचा जगातला सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे कर वाढवणं, इतका की दुकानातल्या किमतीचा पाऊण हिस्सा कराचाच असावा. सरकारला यात खर्च तर नाहीच, वर उत्पन्न मिळतं. पण हा उपाय पाकिटाला लागतो, घोटणाऱ्या हाताला नाही. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले, आणि खाणारे, चघळणारे होते २४.४ टक्के. म्हणजे आपला प्रश्न मुळात सिगारेटचा नाहीच. सुपारी आणि सुगंधी तंबाखू पोत्यांनी शहरात उतरतात तिथे हात घालायला हवा. पानठेलेवाल्याला दोनशेचा दंड करून काय होणार, त्यालाही घर चालवायचंय.

घरी भांडू नका, हिशेब मांडा. तीस रुपयांचा एक धरला तर सहाचे १८०, वर्षाचे ६५ हजार सातशे. ऑटोचे किती हप्ते झाले ते त्यांनाच काढू द्या. सोडायची तारीख ठरवा. पहिले तीन-चार दिवस फार चिडचिड होते, तेव्हा मुलांना दूर ठेवा आणि खिशात लवंग, बडीशेप द्या. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवण्याचा मोफत नंबर आहे, त्यावर बोलायला लावा. पुन्हा सुरू केला तर रडू नका. बहुतेकांचा पहिल्या खेपेला सुटत नाही.

प्रश्न : नातवाला दोन दिवस जुलाब होते. डॉक्टरांनी नुसतं ओआरएस आणि झिंक लिहून दिलं. सून म्हणते, हा डॉक्टर काही कामाचा नाही, सलाईन लावणाऱ्याकडे जाऊ. कोणाचं खरं? (आजी, जरीपटका)

डॉक्टरांचं. त्यांना सोडू नका. वीस रुपयांत काम भागवणारे डॉक्टर आता शोधावे लागतात.

१९७१ साली बांगलादेश युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमध्ये लोटले आणि बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचं मिश्रण पिंपांत कालवून नातेवाइकांच्याच हातात पेले दिले. शंभरांतले तीसच्या आसपास मरत होते, ते प्रमाण चारच्या खाली आलं. आतड्यात ग्लुकोज शिरताना सोबत मीठ ओढून नेतो आणि मिठामागे पाणी जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी असते, म्हणून पाणी आत राहतं. महालनबीस २०२२ मध्ये वारले, पद्मविभूषण त्यानंतर मिळालं.

पुडी २०.५ ग्रॅमची असेल तर ती अख्खी एक लिटर पाण्यात. 'आज अर्धी, उद्या अर्धी' पेल्यात टाकून देतात, ते चूक, मीठ जास्त होऊन बाळाला अपाय होतो. केलेलं पाणी २४ तासांनी फेकून द्या. चमच्या-चमच्याने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी. खोक्यातल्या गोड सरबतांवर 'ओआरएस' छापायला २०२५ मध्ये मनाई झाली आहे, जुना माल कुठे दिसला तर घेऊ नका. अंगावरचं दूध आणि वरणभात चालूच ठेवा. बाळ सुस्त पडलं, पिईना, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर मात्र सुनेचं ऐका आणि रिक्षा बोलवा.

प्रश्न : माझी चार एकर कपाशी आहे. फवारणी करणारा मजूर चक्कर येऊन पडला, थोडक्यात वाचला. किट दिलं होतं, त्याने घातलंच नव्हतं. या लोकांना कसं समजवायचं? (शेतकरी, काटोल तालुका)

भाऊ, ते किट तुम्ही स्वतः ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी बारा वाजता अर्धा तास घालून बघा. मी घालून पाहिलंय. चष्म्यावर वाफ धरते, मास्कमध्ये श्वास कोंडतो, आणि घामाने माणूस विषाआधी उन्हानेच पडेल असं वाटतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. त्यानंतर किट वाटली गेली, भाषणं झाली. जे घालणं शक्य नाही ते घाल म्हणणं हा माझ्या मते उपाय नव्हे, जबाबदारी मजुराच्या गळ्यात बांधणं आहे.

श्रीलंकेने वेगळी वाट धरली. १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉससारखी अतिविषारी औषधं बंद केली, १९९८ मध्ये एंडोसल्फान, पुढे आणखी काही. वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास खाली आलं आणि भाताचं पीक घटलं नाही. त्याच देशात अनुराधापूर जिल्ह्यातल्या १८० गावांत दुसराही प्रयोग झाला. निम्म्या गावांतल्या शेतकऱ्यांना औषध ठेवायला कुलपाच्या पेट्या दिल्या. चांगली कल्पना वाटते ना? मलाही वाटली होती. २०१७ मध्ये निकाल आला, पेट्यांनी काही फरक पडला नव्हता. दुकानातून विषच गेलं तेव्हा फरक पडला. रागाच्या किंवा निराशेच्या एका घडीत हाताशी काय आहे, यावर किती आयुष्यं टिकतात, हे विदर्भात मी वेगळं सांगायला नको. केरळने २०११ मध्ये बरीच जहाल औषधं बंद केली, केंद्राने २०१८ मध्ये १८ कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला. यादी अजून लांबायला हवी.

तोवर तुमच्या हातात आहे ते करा. डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल आणि पिवळा घरात आणूच नका, कृषी सहायकाला निळ्या-हिरव्यातला पर्याय विचारा. दोन-तीन औषधं एकत्र कालवू नका. कपाशी छातीच्या वर गेली असेल तर फवारा तोंडावरच येतो, तेव्हा मजुरीसाठी घाई करू नका. सकाळी लवकर, पोटात काही घालून, वाऱ्याकडे पाठ करून. बांधावर साबण आणि दोन बादल्या पाणी तुम्ही ठेवा, मजुराने आणायची नाही. चक्कर, लाळ किंवा अंधारी आली की कपडे काढून अंग धुवा आणि डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा, औषध कोणतं ते कळलं की डॉक्टरांचे हात चालतात. गावात कोणी फार खचलेलं दिसलं तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं, रात्रीसुद्धा. पण आधी त्याच्या ओट्यावर जाऊन बसा.

प्रश्न : मी शहरात आशा सेविका आहे. बाळंतिणीच्या घरी सहा भेटी द्यायच्या असतात. लोक म्हणतात, डिलिव्हरी दवाखान्यात झाली, बाळ डॉक्टरने पाहिलं, तुम्ही आणखी काय बघणार? फ्लॅटमध्ये तर वॉचमनच सोडत नाही. २५० रुपयांसाठी ही वणवण. खरंच काही उपयोग होतो का मॅडम?

पत्र दोनदा वाचलं. उपयोग होतो, आणि याचा पुरावा आपल्याच शेजारचा आहे.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग, दोघंही आपल्या नागपूरच्या मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. १९८६ मध्ये त्यांनी गडचिरोलीत काम सुरू केलं. ३९ गावांत तिथल्याच बायकांना शिकवलं. बाळाला तोलायचं कसं, ऊब कशी द्यायची, श्वास अडला तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा. हजार बाळांमागे पहिल्या महिन्यात साधारण ६२ दगावत होती, तीन वर्षांत ती २५ वर आली. १९९९ साली हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ मध्ये देशभरच्या आशांच्या कामात हे आलं. तुमच्या त्या सहा भेटींचं, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंतच्या, मूळ हे आहे. हॉस्पिटलचा डॉक्टर बाळाला पहिल्या दोन-तीन दिवसांत बघतो. बाळ सुस्त होतं, दूध तोडतं, गार पडतं ते बऱ्याचदा घरी, सातव्या-आठव्या दिवशी, सगळे बारशाच्या गडबडीत असताना. तेव्हा त्या घरात जाणाऱ्या तुम्ही एकट्या असता.

२५० रुपये फार कमी आहेत, हे मी बैठकांत बोलले होते, इथे पुन्हा लिहिते.

दार उघडण्याबद्दल माझा अनुभव असा. 'बाळाची माहिती घ्यायची आहे' म्हटलं की दार अर्धंच उघडतं. झोळीचा काटा हातात दिसेल असा धरा आणि 'वजन करून देते' म्हणा, मग सासू स्वतः बाळ घेऊन येते. आपलं बाळ किती भरलं हे कोणत्या आजीला नको असतं? पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, दहा-चौदा दिवसांत परत जन्माइतकं होतं, हे तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर दोष सुनेच्या दुधावर जातो. फ्लॅटमध्ये आधी वॉचमनच्या बायकोशी ओळख काढा. तिच्याकडेही बहुधा लहान मूल असतं, आणि त्याचं वजन कोणी केलेलं नसतं.

आणि जाण्याआधी रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणून घ्या. पावसाळ्यात स्प्रिंग गंजते, शंभर ग्रॅम इकडेतिकडे होतात.